हमीपत्रानंतरची दोन पोस्टरं

१

पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर आपल्या धाकट्या बहिणीचा हसरा चेहरा पाहिला आणि नुकसानसाहेब दोन पावलं मागेच सरकले.

एरवी सख्ख्या बहिणीला पाहून कुणी मागे सरकत नाही. पण हा चेहरा कागदाचा होता. खाली शिट्टीचं चिन्ह होतं आणि ‘नजर आपल्या वॉर्डावर’ अशी ओळ होती. निवडणूक उरकली होती, निकाल लागला होता, बहीण अकरा मतांनी निवडून आली होती. आणि ‘माझ्या उमेदवाराचं एकही पोस्टर शहरात उरलेलं नाही’ असं हमीपत्र खुद्द नुकसानसाहेबांनी, तिचा निवडणूक प्रतिनिधी म्हणून, झोकात सही ठोकून देऊन टाकलं होतं.

नुकसानसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपन्यांसाठी सर्व्हे करण्याचा त्यांचा धंदा. कुठे दुकान जळो, गोदामात पाणी शिरो, दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ भिंग आणि बॅग घेऊन दारात हजर. खरंच किती जळलं आणि जळलं म्हणून किती सांगताहेत, हे त्यांना वासावरून कळायचं. बाजारात त्यांची चाहूल लागली की दुकानदार एकमेकांना म्हणायचे, “आलं नुकसान!” तेच नाव पडलं.

“हे दुसरं,” मागून आवाज आला. निवडणूक कार्यालयातल्या निरीक्षकबाई भिंतीचा फोटो काढत होत्या. “काल बसथांब्याच्या मागे एक सापडलं, आज हे. दोन म्हणजे चुकून राहिलं असं म्हणता येत नाही.”

“अहो बाई, ही भिंत मी स्वतः पाहिली होती. कोरी होती!”

“मग सोमवारी तेच सांगा. शपथविधीच्या आधी सुनावणी ठेवली आहे. पोस्टरं कुठून आली ते पटवून दिलंत तर ठीक. नाही दिलंत, तर हमीपत्र खोटं धरलं जाईल. तुमच्या भगिनींची जागा जाईल आणि ती दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मिळेल.”

“आणि मला काय?”

बाईंनी फोन पर्समध्ये टाकला. त्या कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. “तुम्हाला सरकारी परवाना आहे ना सर्व्हेचा? खोटं हमीपत्र दिलेल्या माणसाचं नाव आम्हाला परवाना खात्याला कळवावं लागतं. पुढे ते काय करतात, ते मी तुम्हाला सांगायला नको.”

खरंच नको होतं. खोट्या हमीवर सही केलेल्या सर्व्हेअरला दारात कोण उभं करणार? पंचवीस वर्षांची भाकरी एका कागदाने जायची.

“यापेक्षा ती जागा सोडलेली परवडली!” ते वैतागून म्हणाले.

“सोडा की. फक्त शपथेआधी माघार घेतली तर फेरनिवडणुकीचा सगळा खर्च उमेदवाराने भरायचा. राहतं घर विकावं लागेल.” बाई चालू लागल्या आणि वळून म्हणाल्या, “दोन्ही पोस्टरं माझ्या टेबलावर असतील. पाहायची तर या. शनिवारी बारापर्यंतच उघडं असतं.”

नुकसानसाहेबांनी हे परवान्याचं प्रकरण घरी सांगितलं नाही आणि बहिणीलाही सांगितलं नाही. बिचारीच्या आनंदात कशाला मिठाचा खडा टाका, असा त्यांचा विचार. सही आपली, तर निस्तरणंही आपलंच.

२

निरीक्षकबाईंच्या टेबलावर दोन्ही पोस्टरं शेजारी शेजारी पसरली होती. नुकसानसाहेबांनी खिशातून भिंग काढलं. बहिणीच्या चेहऱ्याकडे ते जळक्या मालाकडे बघावं तसे बघू लागले, म्हणजे अजिबात माया न करता.

आधी त्यांनी पोस्टरं उलटी केली. मागे खळ होती, पण ताजी, एकाच थराची; वाळायच्या आत काढल्याने कागद अख्खे निघाले होते. खाली जुनी खळ नाही, भिंतीचा चुना नाही, पोपडा नाही. म्हणजे ही पोस्टरं प्रचारात कुठल्याही भिंतीवर लागलेली नव्हती. मात्र चारही कोपऱ्यांत मागच्या बाजूने कागदाचा पातळ पापुद्रा निघाला होता. चिकटपट्टी ओढून काढली की निघतो तसा.

मग ती सुलटी केली, आणि इथे मात्र त्यांची भुवई वर चढली.

पोस्टरांची जमीन, म्हणजे चेहऱ्यामागचा रंग, मुळात लालभडक होती. छापून आली तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली होती. आता ती फिकट, मरतुकडी गुलाबी झाली होती. ऊन खाल्लेला माल नुकसानसाहेबांना नवा नव्हता. छपाईतला लाल रंग उन्हात सगळ्यात आधी मान टाकतो. तेव्हा ही पोस्टरं भिंतीवर नव्हती, पण उन्हात मात्र भरपूर होती.

“काचेच्या आत,” ते पुटपुटले. “कुठल्यातरी दुकानाच्या दर्शनी काचेवर, आतून चिकटवलेली.”

“पुढे?” बाईंनी विचारलं. त्यांनाही आता गंमत वाटू लागली होती.

“पुढे हे बघा.” त्यांनी बोट ठेवलं. एका पोस्टरवर फिकट जमिनीतून अंगठ्याएवढ्या रुंदीचा एक पट्टा आडवा गेला होता, आणि त्या पट्ट्यात लाल रंग जशास तसा होता. पट्टा डाव्या बाजूला जाऊन आकड्यासारखा खाली वळला होता. दुसऱ्या पोस्टरवरही तसाच पट्टा होता, पण तो उजवीकडे जाऊन वळला होता.

“सावली पडली असेल कशाचीतरी.”

“सावली दिवसभर सरकते हो. तिच्या कडा अशा रेखीव राहत नाहीत. हे काचेवरच काहीतरी रंगवलेलं होतं आणि पोस्टर त्याला आतून अगदी भिडलेलं होतं. जिथे रंग, तिथे ऊन नाही.” त्यांनी दोन्हींचे पुढून-मागून फोटो काढले आणि बाईंनी भिंतीवर काढलेला फोटोही मागून घेतला. “अशी काच सापडली की माणूस सापडला.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. “आणि नाही सापडला तर?”

नुकसानसाहेबांनी भिंग खिशात टाकलं. ते तीन वेळा खिशाच्या बाहेर गेलं आणि चौथ्यांदा आत गेलं. बाईंनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

३

छापखानेवाल्याने फोटो पाहिला आणि तो दुखावल्यासारखाच झाला.

“माझ्यावर संशय? अहो, माझ्याकडचं उरलेलं असतं तर लालभडक असतं! अंधाऱ्या कपाटात गठ्ठे असतात माझे. एवढा घट्ट लाल तुमच्या मेहुण्यांनीच मागितला होता. ‘लांबून दिसलं पाहिजे’ म्हणाले. मी सांगत होतो, डोळे दुखतील लोकांचे.”

“चष्मे खपले असते,” नुकसानसाहेब म्हणाले. छापखानेवाला खो खो हसला, आणि त्याच्यावरचा संशय तिथेच मिटला. त्याच्या दुकानाला तर दर्शनी काचच नव्हती.

चिकट्या भेटला तो बोळाच्या तोंडाशी, बादली धूत. शहरातली सगळी पोस्टरं लावायची कामं त्याची, आणि निवडणूक झाल्यावर खरवडायचीही त्याचीच. कुठलाही पक्ष असो, गडी दोन्हीकडून पैसे घ्यायचा.

“खरं सांग. एखाददोन ठेवली होतीस ना मागे?”

“आईशप्पथ नाही, साहेब! भिंतीवर वाळलेलं पोस्टर अख्खं निघतंय होय? चिंध्या होतात.” त्याने फोटो जवळ घेऊन पाहिला, अन् त्याच्या चेहऱ्यावर चक्क तिरस्कार उमटला. “हे लावलंय कुणी? मधोमध खळ थापलीय आणि कडा सुक्या. आपण कडा आधी धरतो, नाहीतर वाऱ्याने झेंडा होतो त्याचा. हौशी माणसाचं काम आहे हे.”

“बरं.”

“पण साहेब, एक मानलं पाहिजे. लावलंय अगदी सरळ. केसाचाही फरक नाही. मला इतक्या वर्षांत असं जमलं नाही. हात कुणाचातरी भारी मोजूनमापून चालणारा आहे.”

नुकसानसाहेबांनी हे डोक्यात ठेवलं. हौशी माणूस, सरळ हात आणि काच रंगवलेलं दुकान. प्रचाराच्या काळात बहिणीची पोस्टरं काचेत लावणारी दुकानं त्यांनी स्वतः गाठली होती आणि हमीपत्र देण्याआधी प्रत्येकाकडून पोस्टर परत घेतलं होतं. सलूनवाला, धोबी, बेकरी, घड्याळवाला. आता ते पुन्हा सगळ्यांच्या काचा बघत निघाले. सलूनच्या काचेवर कात्री होती, पण ती उभी. बेकरीवर नुसती अक्षरं, घड्याळवाल्याकडे नुसती गोल तबकडी. धोब्याच्या काचेवर काहीच नाही, धूळ सोडली तर.

उन्हात पाय भाजत होते. चार वाजले, पाच वाजले. ‘झक मारली आणि सही केली,’ असं ते स्वतःशी निदान दहा वेळा म्हणाले असतील.

आणि कोपऱ्यावर वळताच ते जागच्या जागी थांबले. समोर पैलवानाची व्यायामशाळा होती. तिच्या भल्यामोठ्या काचेवर अंगठ्याएवढ्या जाड रेषेने एक आडवा दांडा रंगवलेला होता.

पैलवान म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार. अकरा मतांनी पडलेला.

४

“या या, नुकसानसाहेब! माझं काय जळलं म्हणून आलात?” पैलवान बाकावर बसून घाम पुसत होता. समोर पावत्यांचा ढीग होता आणि त्याचा घाम बहुतेक त्यामुळेच आला होता. “हा निवडणूक खर्चाचा हिशेब! जिंकलेल्यांनीही द्यायचा आणि पडलेल्यांनीही द्यायचा. पडलो तरी सुटका नाही हो. दीडशे किलो उचलतो मी, पण हे उचलत नाही.”

“तुमची काच बघायला आलोय.”

नुकसानसाहेबांनी फोन काचेला लावला. दांडा जाडीला जुळत होता. पण दोन्ही टोकांना वजनांच्या गोल चकत्या होत्या. आकडा नव्हताच. वळण कुठेही नव्हतं.

पैलवानाने फोटो पाहिले आणि त्याला सगळं समजलं. तो दिसायला रेडा असला तरी डोक्याने मंद नव्हता.

“म्हणजे ताईंची जागा गेली तर ती माझ्या गळ्यात?” त्याने चक्क हात जोडले. “साहेब, बायको आता कुठे बोलायला लागलीय माझ्याशी. तुम्ही तो माणूस शोधा. काय मदत लागेल ती सांगा.”

“हरल्याचं दुःख नाही तुम्हाला?”

“पहिल्या दिवशी झालं. दुसऱ्या दिवशी झोप लागली, गाढ. मग विचार केला, कशाला पाहिजे होतं?” पैलवान हळू आवाजात म्हणाला, “उभं राहायचं ठरवताना सगळे मागे असतात हो. नको म्हणायचं असेल तर मात्र एकटंच म्हणावं लागतं.”

ढोंग करणारा माणूस नुकसानसाहेबांना लगेच कळायचा. हा ढोंग करत नव्हता. ते बाहेर पडले तेव्हा त्यांच्या हातात एकही संशयित उरला नव्हता, आणि मधे उरला होता फक्त रविवार.

५

रविवारी बहिणीकडे जेवायला बोलावलं होतं. घरात हारतुरे, शुभेच्छांची पाकिटं, येणारेजाणारे. मेहुणे दारात उभे राहून प्रत्येकाला हसत होते. जणू तेच निवडून आले होते, आणि खरं सांगायचं तर तसंच होतं. त्यांना स्वतःला उभं राहायचं होतं, पण ते नगरपरिषदेच्याच पाणी खात्यात नोकरीला. म्हणून बायकोचा अर्ज.

“दादा, पोस्टरांचं काय ते मिटवून टाका,” ताट पुढे ओढत मेहुणे म्हणाले. “काहीतरी सांगा, उंदराने नेली म्हणा. उद्या शपथ झाली की प्रश्न मिटला.”

“मेहुणेबुवा, उंदीर खळ लावत नाही.”

“तुम्ही फार विचार करता! बरं, ती गाळ्याची किल्ली उद्याच देऊन टाकायची आहे, त्याचीही सही तुमच्यासमोर होईल.”

“कसली किल्ली?”

“दुकानाची. गाळा परिषदेच्या मालकीचा ना? निवडून आलेल्या सदस्याला परिषदेचा गाळा ठेवता येत नाही. नातेवाइकाच्या नावावरही करता येत नाही, विचारलं मी. सोडायचा! आता सदस्यबाई लोकांच्या नाकावर चष्मे थोडीच बसवत बसणार?” मेहुणे मोठ्याने हसले. ओळीने बसलेले पाहुणेही हसले.

बहीण वाढत होती. तीही हसली. मग पाण्याचा तांब्या भरलेला असूनही तो घेऊन आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

नुकसानसाहेबांचं लक्ष मात्र आकड्यांत अडकलेलं. एक डावीकडे वळलेला, एक उजवीकडे. छत्रीची मूठ? दोन छत्र्या? मासे पकडायचे गळ? विचार करता करता त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि त्याचा स्क्रूच निखळून ताटात पडला.

“दादा, दुपारी दुकानात ये,” बहीण म्हणाली. ती कधी परत आली ते कळलंच नव्हतं. “बसवून देते. तसंही आज आवराआवर करायची आहे.”

६

दुकान छोटंसं होतं, पण तिथली प्रत्येक वस्तू आपल्या जागी होती. भिंतीवर काचांचे खण, त्यांच्यावर तिच्या बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या. समोर अक्षरांचा तक्ता. बाविसाव्या वर्षी तिने हे सुरू केलं होतं, तेव्हा स्टूल सोडून आत काहीच नव्हतं. आता निम्म्या शहराच्या डोळ्यांचे नंबर तिला तोंडपाठ होते.

ती खाली मान घालून त्यांच्या चष्म्यात स्क्रू बसवत होती. नुकसानसाहेब बिनचष्म्याचे, आंधळ्या कोशिंबिरीसारखे स्टुलावर बसले होते. दुपारचं ऊन दर्शनी काचेतून आत आलं होतं आणि फरशीवर काहीतरी काळं, अस्पष्ट पसरलं होतं.

“घे,” तिने चष्मा दिला.

त्यांनी तो नाकावर चढवला. फरशीवरचं काळं स्पष्ट झालं.

ती सावली होती. दर्शनी काचेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, भलामोठा चष्मा रंगवलेला होता. वर्षानुवर्षं पाहिलेला, म्हणून कधीच न पाहिलेला. मधे दोन गोल, आणि दोन्ही बाजूंना दोन काड्या. एक काडी डावीकडे जाऊन खाली वळलेली, दुसरी उजवीकडे. माणसाच्या कानामागे वळते तशी.

नुकसानसाहेब उठून काचेजवळ गेले. अरे गाढवा, ते मनात म्हणाले. सलूनवाल्याकडून पोस्टर मागितलंस, धोब्याकडून मागितलंस. आपल्या घरच्या दुकानातलं कुणी मागतं का? ते तर आपलंच!

“तीन होती,” ते हळूच म्हणाले. “डावीकडच्या काडीमागे एक, उजवीकडच्या काडीमागे एक. दोन भिंतींवर गेली. मधलं कुठाय?”

बहिणीने काचांचा सगळ्यात खालचा खण ओढला आणि नीट घडी केलेलं पोस्टर काउंटरवर ठेवलं. त्यांनी ते उघडलं. फिकट गुलाबी जमिनीवर तिचा चेहरा होता, आणि चेहऱ्याभोवती दोन लालभडक गोल कडी. ती स्वतःच्याच चष्म्याआडून पाहात होती.

“मला वाटलं होतं तो चिकट्या असेल, छापखानेवाला असेल, पैलवान असेल,” नुकसानसाहेब म्हणाले. “ऊन खाल्लेलं म्हणजे छापखान्यातलं नव्हे. मागे चुना नाही म्हणजे चिकट्याचं नव्हे. कडा सुक्या ठेवणारा हौशी, पण हात मात्र केसाच्या अंतराचा. असा हात शहरात दुसरा कुणाचा असणार? मला आधीच कळायला हवं होतं. का केलंस गं?”

तिचा चेहरा क्षणात लहान मुलीसारखा झाला.

“कुणी विचारलं होतं मला, दादा? हे म्हणाले, नुसता अर्ज भर, पडशीलच. तूही म्हणालास, पडलीस तर काय बिघडतं. सगळे म्हणाले पडशील, म्हणून उभी राहिले मी! आणि मग निकाल लागला आणि सगळे नाचायला लागले. सासऱ्यांनी डोळे पुसले. त्या गर्दीत मी कुठल्या तोंडाने म्हणू, मला नको?” तिने खणांच्या भिंतीवर हात ठेवला. “माघार घ्यावी तर घर विकावं लागेल. शपथ घ्यावी तर हे द्यावं लागेल. मग कळलं की दोन पोस्टरं सापडली की आपोआप जागा जाते. कुणाला काही सांगायला लागत नाही. पहाटे फिरायला जाते म्हणाले आणि लावून आले.”

नुकसानसाहेबांना रागही आला, आणि रडूही आलं. दोन्हींना वाट मिळेना, म्हणून ते नुसतेच खोकले.

“तुला काही होणार नाही ना?” तिने एकदम विचारलं. “ते हमीपत्र तू दिलंयस.”

त्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. आता खरं सांगितलं की ती उद्या भर सभेत सगळं कबूल करणार आणि नंतर त्याच घरात जाऊन राहणार, त्या नवऱ्याशेजारी, त्या सासऱ्यांसमोर. नाही सांगितलं तर तिला दुकान मिळेल आणि ती सुटेल. फक्त एका सर्व्हेअरचा परवाना जाईल.

“मला काय होतंय?” ते म्हणाले. “अनामत तुझी जप्त होईल. माझं काय जातंय?”

“नक्की?”

“नक्की म्हणजे नक्की.”

उभ्या आयुष्यात त्यांनी लोकांचे खोटे दावे पकडले होते. स्वतः खोटं बोलायला मात्र ते अगदीच कच्चे होते. पण बहिणीला ते खरं मानायचं होतं, आणि तिने मानलं.

७

सोमवारी परिषदेचं सभागृह खच्चून भरलं होतं. मेहुणे नव्या बुटांत, सासरे पहिल्या रांगेत. पैलवान मागच्या खुर्चीत अंग चोरून बसला होता, म्हणजे जेवढं चोरता येतं तेवढं. बहीण मेहुण्यांशेजारी होती आणि मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसली होती.

नुकसानसाहेबांना पुढे बोलावलं गेलं.

“हमीपत्रावर सही तुमची?” निरीक्षकबाईंनी विचारलं.

“माझी.”

“त्यानंतर दोन पोस्टरं सापडली. ती कुठून आली, याचा तुम्ही तपास करत होतात. उलगडा झाला?”

बाईंच्या नजरेत ‘सांगा की हो’ अशी सरळसरळ विनंती होती. शनिवारी याच माणसाने टेबलावर किती चटचट उलगडून दाखवलं होतं!

नुकसानसाहेबांनी घसा साफ केला. “नाही,” ते म्हणाले. “मला काही सांगता येत नाही.”

मेहुण्यांनी कपाळाला हात लावला. बाईंनी कागद उचलला आणि वाचू लागल्या, इच्छा नसल्यासारख्या.

“समाधानकारक खुलासा न झाल्याने हमीपत्र खोटं धरण्यात येत आहे. उमेदवाराची निवड रद्द होते. तसंच हमी देणाऱ्या व्यक्तीचा व्यावसायिक सर्व्हेअर म्हणून असलेला परवाना रद्द व्हावा, यासाठी संबंधित खात्याला आजच...”

“काय?”

बहीण उभी राहिली होती. पर्स खाली पडली होती.

“खाली बस,” मेहुणे दातांतून म्हणाले.

“परवाना? कुणाचा परवाना?” ती दादाकडे बघत होती. नुकसानसाहेब खिडकीकडे बघत होते, आणि त्यांच्या त्या खिडकीकडे बघण्यावरूनच तिला सगळं समजलं.

“अगं, बस म्हणतो ना! लोक बघताहेत.”

“नाही बसत,” ती म्हणाली. आवाज फुटला होता, पण मागच्या रांगेपर्यंत पोचला. “बाई, दादाने दिलेलं हमीपत्र खरं आहे. भिंती कोऱ्याच होत्या. नंतर पोस्टरं मी लावली. दोन्ही. माझ्या हातांनी.”

सभागृहात एकच गलका झाला. ती वाकली, पर्स उचलली, त्यातून घडी काढली आणि टेबलावर पसरली. निरीक्षकबाईंनी आपल्याजवळची दोन पोस्टरं तिच्या दोन बाजूंना ठेवली. डावीकडची काडी, मधले दोन गोल, उजवीकडची काडी. तीन फिकट कागदांवर एक अख्खा लाल चष्मा जुळून आला, आणि कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

“का पण?” सासऱ्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे उत्तर देणं जास्तच जड गेलं.

“मला हे नको होतं, बाबा. मला माझं दुकान हवंय. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडच उघडेना माझं.”

निरीक्षकबाईंनी वाचत असलेला कागद बाजूला ठेवला आणि कोरा घेतला. “हमीपत्र दिलं तेव्हा ते खरं होतं, अशी नोंद करते. प्रतिनिधीविरुद्ध काही नाही. नियम उमेदवाराने मोडला. निवड रद्द, अनामत जप्त, पुढच्या दोन निवडणुका लढवता येणार नाहीत.”

“इतकंच?” बहिणीच्या तोंडून निघून गेलं, आणि कुणीतरी फस्सकन हसलं.

मागून पैलवानाचा जड सुस्कारा ऐकू आला. मेहुणे उठले, कुणाकडेही न बघता नव्या बुटांचा आवाज करत बाहेर निघून गेले. पाठोपाठ सासरेही गेले, सावकाश.

पायऱ्यांवर ऊन होतं. भाऊ-बहीण शेजारी शेजारी उभे राहिले. दोघांनाही एकमेकांकडे बघवेना.

“खोटं बोललास माझ्याशी,” ती म्हणाली.

“तू काय कमी बोललीस? म्हणे फिरायला जाते!”

ती हसली आणि हसता हसता रडली. नुकसानसाहेबांनी रुमाल दिला. घरी काय वाढून ठेवलंय हे दोघांनाही पुरतं ठाऊक होतं. अबोला, टोमणे, दारात उभे राहून विचारणारे शेजारी. त्या घरातून परिषदेच्या कुठल्याच नियमाने सुटका होणार नव्हती.

“चल, मी येतो बरोबर,” ते म्हणाले. “मेहुण्यांशी मी बोलतो. मी सांगतो त्यांना समजावून.”

“नको, दादा.”

ते सवयीने पुढे बोलणारच होते, पण थांबले. धाकटी त्यांना कधी नको म्हणाल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

“माझं मी सांगेन,” ती म्हणाली. तिने डोळे पुसले, रुमाल परत दिला आणि पायऱ्या उतरून एकटीच घराच्या रस्त्याला लागली. तिच्यामागे जाण्यासाठी नुकसानसाहेबांचा पाय दोनदा उचलला गेला. दोन्ही वेळा त्यांनी तो परत खाली ठेवला.